थंड हवामानात उघड्यावर वाढवलेली खायची केळी : ‘ड्वार्फ ओरिनोको’चा अनुभव

‘थंडीत टिकणारी केळ’ असे वर्णन वाचून रोप घेणाऱ्याने आधी हे पाहावे की, टिकते ते नेमके काय. वर चांगले आच्छादन असल्यास कंद कडक हिवाळाही काढतो. खोड मात्र गोठून जाते. केळीचे खोड म्हणजे एकमेकांवर घट्ट गुंडाळलेली सोपटे, म्हणजे पानांचे रुंद तळ. केळफूल कंदातून निघून त्यांच्या गाभ्यातून वर येते आणि तोवर झाडाला साधारण ३० ते ४० पाने काढावी लागतात. खोड दरवर्षी जमिनीपर्यंत मेले, तर वसंतात मुनवे, म्हणजे कंदातून येणारे नवे कोंब, जोमाने फुटतात, पण पानांची मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि आखूड उन्हाळ्यात ती पुरी होत नाही. फळ हवे असेल, तर खोड वाचलेच पाहिजे.

म्हणूनच मी ‘ड्वार्फ ओरिनोको’ निवडली. ‘मुसा बसजू’ ही शोभेची केळ हिच्याहून चिवट असली, तरी तिची फळे खाण्याजोगी नसतात. ओरिनोको एबीबी गटातली, म्हणजे चिवट रानकेळीचा (मुसा बाल्बिसियाना) वाटा जास्त असलेली, असल्यामुळे कॅव्हेंडिश या बाजारात नेहमी मिळणाऱ्या केळीपेक्षा गारठा चांगला सोसते, आणि ठेंगणी असल्यामुळे तिचे सबंध खोड झाकता येते. माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

पाने गारठ्याने करपताच ती छाटली, खोडाभोवती तारेची जाळी उभारून तीत कोरडा पेंढा ठासून भरला आणि पावसाचे पाणी आत उतरू नये म्हणून वरून झाकण घातले. या झाकणात हयगय करू नये, कारण ओल धरलेले खोड आतून कुजते. वसंतात पेंढा काढला, तेव्हा बाहेरची सोपटे तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती. ती सोलल्यावर आत पांढरा, टणक गाभा लागला. काही दिवसांतच शेंड्यातून पानाची सुरळी वर सरकली. तिची कड जळालेली होती, पण त्यामागचे पान स्वच्छ आले.

तापमान १४ अंशांच्या खाली राहिले की वाढ जवळपास थांबते, त्यामुळे दक्षिणेकडे उन्हात तापणाऱ्या भिंतीलगतची जागा खतापेक्षाही मोलाची ठरली. वाढीच्या काळात भरपूर पाणी आणि पालाश दिले, तर झाड लगेच प्रतिसाद देते.

केळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला निसवली, म्हणजे तिचे केळफूल बाहेर आले, हे फार चांगले झाले. घड भरायला उष्ण प्रदेशातही तीन-चार महिने लागतात, गार हवेत त्याहून अधिक. उशिरा निसवलेल्या केळीची फळे बोटाएवढीच राहतात. थंडी पडण्याआधी घड उतरवून घरात पिकवला. फण्या मोजक्या होत्या, शेवटची तर भरलीच नाही. बाकीची फळे जाड, कोनदार, घट्ट गराची आणि किंचित आंबूस गोड आहेत. कच्ची असताना ती शिजवूनही उत्तम लागतात. फळ दिलेले खोड कापले असून, जोमदार मुनवा ठेवून बाकीचे काढून टाकले आहेत. आता हिवाळ्यात जाळी याच मुनव्याभोवती उभारायची आहे.