पॅकेट ट्रेसर काही महिने वापरल्यावर, आणि फुकट लॅब वाटणाऱ्यांना एक विनंती

परवा पुन्हा तेच झालं. गडहिंग्लजच्या मित्राने पॅकेट ट्रेसरची, म्हणजे कॉम्प्युटरवर नेटवर्क उभारून सराव करायच्या सिस्कोच्या फुकट सॉफ्टवेअरची फाइल पाठवली. आत ओएसपीएफची (राउटरना आपसात मार्ग शोधू देणाऱ्या प्रोटोकॉलची) लॅब, म्हणजे सरावाचं नेटवर्क. चार राउटर, तीन स्विच, राउटरना नावं बिंदू चौक, शिरोली, रंकाळा, गोकुळ शिरगाव. झकास आखणी. बिंदू चौकावर क्लिक केलं, तर तो विचारतोय, इनिशियल कॉन्फिगरेशन डायलॉग सुरू करायचा का? म्हणजे नाव फक्त चित्रावर, आत कोरी पाटी.

सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा) करणाऱ्यांना पॅकेट ट्रेसरची ओळख करून द्यायला नको, थेट मुद्द्यावर येतो. फाइल सेव्ह केली म्हणजे लॅब सेव्ह झाली असं नसतं. खऱ्या राउटरसारखंच इथेही रनिंग-कॉन्फिग, म्हणजे चालू सेटिंग, रॅममध्ये असतं, बंद केलं की पुसलं जातं. प्रत्येक राउटर-स्विचवर कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग ही कमांड मारायची (बूट होताना वाचलं जातं ते स्टार्टअप), मगच फाइल सेव्ह करायची. पुन्हा उघडताना सगळं नव्याने बूट होतं आणि स्टार्टअपमध्ये नसलेलं उडून जातं. लॅब वाटणाऱ्याने पाठवण्याआधी फाइल एकदा बंद करून उघडून बघावी, एवढंच मागणं आहे. दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याचा तास असा वाया गेला की डोकं फिरतं.

म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या गटात आता फाइलसोबत प्रत्येक उपकरणाचं कॉन्फिग साध्या टेक्स्टमध्ये द्यायचं ठरलंय. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, टेक्स्टला ती भानगड नाही. पण नुसतं शो रन (चालू कॉन्फिग दाखवणारी कमांड) कॉपी करूनही भागत नाही. राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, आणि ते चालू केल्यावर नो शटडाउन ही ओळ शो रनमध्ये दिसत नाही. टेक्स्ट नव्या राउटरवर पेस्ट केलं की आयपी बरोबर, पोर्ट मात्र अॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन. एसएसएचची (दुरून सुरक्षित लॉगिनची) आरएसए की त्यात येत नाही, ती नव्याने तयार करावी लागते. स्विच व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारा प्रोटोकॉल) सर्व्हर मोडमध्ये असेल तर व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्कचे गट, फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॅट फाइलमध्ये राहतात. अॅक्सेस पोर्टची (एकाच व्हीलॅनला दिलेल्या पोर्टची) ओळ पेस्ट केली की त्या स्विचवर व्हीलॅन आपोआप तयार होतो, पण मधल्या नुसत्या ट्रंकवाल्या (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीच्या) स्विचवर होत नाही, आणि ट्रॅफिक नेमका तिथे अडकतो. या तीन गोष्टी टेक्स्टमध्ये हाताने लिहायच्याच.

मध्यंतरी माझं मन जीएनएस3 आणि ईव्ह-एनजी या दुसऱ्या लॅब-सॉफ्टवेअरकडे ओढ घेत होतं. ईव्ह-एनजीच्या फुकट आवृत्तीत एका लॅबमध्ये 63 नोड (उपकरणं) चालतात. पण आयओएसची (सिस्कोच्या राउटरमधल्या सॉफ्टवेअरची) इमेज आपली आपण आणायची, आणि ती अधिकृतपणे फुकट मिळत नाही. चोरीची इमेज आम्ही गटात फिरवत नाही. सिस्कोच्याच सीएमएल या लॅब-सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत इमेज मिळतात, पण मर्यादा पाच नोडची, म्हणजे वरची सात उपकरणांची लॅबच बसत नाही. सीसीएनपीला (पुढच्या पातळीच्या परीक्षेला) पॅकेट ट्रेसर पुरणार नाही हे खरं, बऱ्याच कमांड त्यात नाहीतच. सीसीएनएला मात्र पुरून उरतो, असं आता माझं ठाम मत झालंय. पाकिटांचा प्रवास पावलापावलाने दाखवणाऱ्या सिम्युलेशन मोडसाठी तर त्याला पैकीच्या पैकी. पहिला पिंग हुकून पाचातले चारच का पोचतात, ते एआरपीचं (समोरच्याचा मॅक पत्ता विचारणारं) पाकीट आधी सुटताना बघितल्यावर कायमचं डोक्यात बसलं.

इथल्या एका क्लासने 'प्रॅक्टिकल लॅब'चे वेगळे पैसे सांगितले होते. चौकशी केली तर पडद्यावर पॅकेट ट्रेसरच! परीक्षेची फी 300 डॉलर, वर कर. असल्या लॅबसाठी त्यावर आणखी एक रुपयाही घालू नका.

आमच्याकडे ओएसपीएफ, एसीएल, नॅट आणि इथरचॅनेलच्या लॅब तपासून तयार आहेत, हव्या असतील त्यांनी घ्या. आयपीव्ही6 स्टॅटिक राउटिंगची चांगली लॅब अजून मिळालेली नाही. कुणाकडे असेल तर द्या भावांनो, टेक्स्टसकट.