व्हॅक्सिन कॅरियर: नवतप्यात किती भरवशाचा?

प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपकेंद्र, तिथून अंगणवाडी आणि पुढे टोल्यापर्यंत लस पोचते ती व्हॅक्सिन कॅरियर या चार आइसपॅकच्या पेटीतून. विदर्भात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या वर गेला की पहिली काळजी उन्हाची. त्या परीक्षेत पेटी पास आहे. झाकण घट्ट असेल, चारही आइसपॅक जागेवर असतील आणि घडीघडी उघडली नाही, तर १२ तासांचा हिशोब धरता येतो. १६ ते २० कुप्या मावतात, एका गावाच्या सत्राला पुरून उरतात.

खरा धोका बर्फाचा आहे, आणि तो नवतप्यापेक्षा पौषात जास्त. डीप फ्रीझरमधला आइसपॅक उणे १५ ते उणे २५ अंशांवरून निघतो. तसाच घाईत पेटीत घातला की पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस, म्हणजेच पेंटा), डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), टीडी (धनुर्वात, घटसर्प), हिपॅटायटिस बी या लसी गोठू शकतात. या लसी ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांवर बसवलेल्या असतात. गोठल्या की कण एकमेकांना चिकटतात, लसीची ताकद जाते, आणि वितळवून ती परत येत नाही. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेने रंग बदलणारी खूण, फक्त उष्णता दाखवतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट आहे म्हणून लस चांगली, असं गोठलेल्या कुपीबद्दल म्हणता येत नाही.

म्हणून आइसपॅक आधी बाहेर टेबलावर मांडून ठेवायचे. अंगावर पाण्याचे थेंब आले, कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं, की मगच भरायचे. मे महिन्यात हे लवकर होतं, थंडीच्या सकाळी बराच वेळ लागतो. घड्याळावर जाऊ नका, आवाज ऐका. आइसपॅकमध्ये पाणी खुणेपर्यंतच भरायचं आणि मीठ अजिबात टाकायचं नाही. खाऱ्या पाण्याचा बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि कुप्या गोठवतो.

शंका आली तर शेक टेस्ट. त्याच लसीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची. ती आणि संशयित कुपी सोबत हलवून टेबलावर ठेवायच्या. अर्ध्या तासाच्या आत संशयित कुपीचा गाळ गोठवलेलीइतक्याच वेगाने किंवा जास्त वेगाने बसला, तर ती वापरायची नाही.

कुप्या आणि डायल्युअंट (भुकटीची लस ज्यात विरघळवतात तो द्राव) झिपच्या पिशवीत ठेवा, नाहीतर वितळलेल्या पाण्याने लेबल सुटतं आणि बिनलेबलाची कुपी फेकावीच लागते. सत्रात एक आइसपॅक बाहेर काढून त्यावर तोंडी पोलिओ, बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि एमआर (गोवर-रुबेला) यांच्या उघडलेल्या कुप्या ठेवता येतात. पेंटा किंवा डीपीटी त्यावर ठेवायची नाही. डायल्युअंटमध्ये मिसळलेली एमआर आणि बीसीजी ४ तासांनंतर टाकून द्यायची, मग दारात बाळ आलेलं असलं तरी. अशा वेळी आईला परत पाठवणं जिवावर येतं, पण शिळ्या कुपीचा धोका बाळाला देता येत नाही. पेंटा, पोलिओ वगैरेंची उघडलेली कुपी नीट थंड राहिली, व्हीव्हीएम बरोबर असला आणि मुदत संपलेली नसली, तर २८ दिवस चालते. उघडल्याची तारीख आणि वेळ मात्र कुपीवर लिहिलेली हवी.

पेटीच्या बांधणीत दोन कच्चे दुवे आहेत. पहिला कडीचा. ती सैल झाली की गाडीच्या धक्क्यांनी झाकण उचललं जातं, गरम हवा आत शिरते आणि आइसपॅक दुपारपर्यंत पाणी होतात. दुसरा झाकणाखालच्या स्पंजचा. तो धुताना हरवतो आणि कोणी मागत नाही. बाकी प्लास्टिक मजबूत आहे, फक्त त्यावर बसू नये. कोपऱ्याला तडा गेला की आतला थर ओलावा धरतो. नवी पेटी ताब्यात घेताना कडी, स्पंज आणि चार आइसपॅक सही करण्याआधी हाताने तपासून घ्या. आइसपॅकचा दुसरा संचही मागा: एक फ्रीझरमध्ये गोठत असेल तेव्हा दुसरा गावात असतो.