लिथियमचा शेअर, बॅटरीची कंपनी की आपली ई-रिक्षा?

समृद्धी महामार्गात जमीन गेली, मोबदल्यातली काही रक्कम अजून एफडीत पडून आहे, आणि पुण्यातला भाचा फोनवर म्हणतो, "मामा, लिथियम घ्या." मेहकर-कारंजाच्या पट्ट्यात असे मामा बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी.

भाचा सांगतो ते लिथियम जर्मनीतलं. जमिनीखालच्या गरम खाऱ्या पाण्यातून काढायचं, कमी कार्बनचं. कल्पना खोटी नाही, उलट तिन्ही पद्धतींत हीच मला सरस वाटते. ऑस्ट्रेलियातला खडक फोडून बहुतेक चीनमध्ये हजार अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा बॅटरीला चालेल अशा तयार लिथियमच्या टनामागे साधारण 15 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चिलीत अटाकामाच्या वाळवंटात खारं पाणी वर्ष-दीड वर्ष तळ्यांत वाळवतात. कार्बन कमी, पण पाणी उडून जातं ते गेलंच.

ऱ्हाईन खोऱ्यात लांदाउजवळ व्हल्कन एनर्जी ही कंपनी तीन किलोमीटरहून खोल विहिरींतून दीडशे अंशांच्या पुढचं पाणी वर आणते. उष्णतेवर वीज आणि घरांना ऊब. मग ते पाणी ॲल्युमिनियमच्या संयुगाच्या दाण्यांतून सोडायचं. दाणे लिथियम क्लोराइड धरून ठेवतात, गोड्या पाण्याने धुतले की सोडतात. उरलेलं पाणी परत जमिनीत. ऐकायला सोपं आहे, पण लिटरमागे लिथियम मिळतं सुमारे 180 मिलिग्रॅम. त्या क्लोराइडपासून पुढे बॅटरीसाठी लिथियम हायड्रॉक्साइड बनवतात, आणि त्याच्या एका टनात लिथियम असतं 165 किलो. म्हणजे कणभर वाया न घालवता काढलं तरी टनाला नऊ लाख लिटर पाणी उपसायचं, आणि पहिल्या टप्प्याचं उद्दिष्ट आहे वर्षाला 24,000 टन. विहिरी, पंप, नळ, कारखाना सगळं आधी उभं करायचं, माल नंतर. त्यात 2009 मध्ये लांदाउच्याच एका भूऔष्णिक केंद्रापाशी 2.7 तीव्रतेचा भूकंप झालेला, त्यामुळे आसपासचे लोक सावध.

एवढा पैसा दिला कोणी? डिसेंबर 2025 मध्ये कंपनीने सुमारे 2.2 अब्ज युरोची जुळणी केली. निम्म्याहून जास्त कर्ज, त्यात युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे 25 कोटी युरो. सरकारी अनुदानही त्यातच. केएफडब्ल्यू या सरकारी बँकेमार्फत 15 कोटी युरोचं भांडवल. गाड्या बनवणाऱ्या स्टेलांटिसने माल घ्यायचा करार आधीच केलेला. कमी कार्बनचा फायदा इथे दिसतो: बाजार त्या मालाला फारसा जादा भाव देत नाही, पण सरकारी बँका कर्जाला पुढे येतात.

आता मामांची जागा बघा. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असला की कापूस कितीही पिको, चुकाऱ्यातून आधी बँक आणि उरलं तर घर. शेअर घेणारा या हिशेबात घरातला, तोही शेवटच्या पंगतीचा. व्हल्कनचा शेअर ऑस्ट्रेलियाच्या बाजारात चालतो. 2021 मध्ये तो 16 ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास गेला होता. 2025 च्या जुळणीत नवे शेअर विकले 4 डॉलरला. प्रकल्प बुडाला नव्हता, उलट त्याच वेळी त्याला पैसा मिळाला! प्रकल्प तगणं वेगळं, शेअरवाल्याचं भलं होणं वेगळं.

भावाचं तर विचारूच नका. 2022 च्या अखेरीस टनाला 80,000 डॉलरच्या घरात असलेलं लिथियम 2025 च्या मध्यापर्यंत 10,000 च्या खाली आलं. कापूस-सोयाबीनवाल्याला हे नवं नाही, पण इथे हमीभावही नाही. कॅलिफोर्नियात सॉल्टन समुद्राकाठी सिंबॉल नावाची कंपनी अशाच पाण्यातून लिथियम काढणार होती. टेस्लाने 32.5 कोटी डॉलर देऊ केले, कंपनी नाही म्हणाली आणि 2015 मध्ये कोसळली.

दुसरा पर्याय देशी: एक्साइड, अमर राजा यांसारख्या बॅटरी कंपन्यांचे शेअर. भाचा यांनाही "लिथियम शेअर" म्हणतो, पण यांची बाजू उलटी. या लिथियम विकत घेणाऱ्या. लिथियम स्वस्त झालं की खाणवाला रडतो, यांचा कच्चा माल स्वस्त होतो. शिवाय शिशाच्या बॅटरीचा जुना धंदा हाताशी आहे. रुपयात खरेदी, साध्या डीमॅट खात्यावर. ऑस्ट्रेलियाचा शेअर घ्यायचा तर डॉलर पाठवायचे, तालुक्याच्या शाखेत साहेब फॉर्म शोधत बसणार, आणि पुढे आयटीआर-1 चालत नाही, परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो.

तिसरा पर्याय कोणी सुचवत नाही: लिथियम बॅटरीची ई-रिक्षा घेऊन घरच्याच पोराला तालुक्याच्या स्टँडवर धंद्याला लावायचं. शिशाच्या बॅटऱ्या रोजच्या पळापळीत वर्ष-दीड वर्षात मान टाकतात. आपल्या 45 अंशांच्या उन्हात आणखी लवकर. दर काही दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर, चार्जिंगला अख्खी रात्र, आणि रात्रीच लाइट गेली तर सकाळची सवारी गेली. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण तीन-चार तासांत भरते आणि कितीतरी जास्त टिकते. गंमत म्हणजे तिला लागतं मुख्यतः लिथियम कार्बोनेट. जर्मनीतलं हायड्रॉक्साइड निकेलवाल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी. जगात फॉस्फेटचा वाटा वाढतो आहे, आणि तीच भाच्याच्या शेअरची एक छुपी जोखीम.

माझं मत विचाराल तर घरात चालवणारा माणूस असेल तर आधी रिक्षा. वॉरंटी लेखी घ्या, बॅटरीचा अनुक्रमांक बिलावर घ्या, आणि दुरुस्ती अकोल्यात होते की थेट दिल्लीला पाठवावी लागते ते विचारा. मग देशी शेअर, थोडे. जर्मन लिथियम मोह आवरत नसेल तरच, आणि गेले तर झोप उडणार नाही इतकेच. व्हॉट्सॲपवर "लिथियम खाणीत हिस्सा, दरमहा परतावा" असं आलं तर तो नंबर ब्लॉक करा, भाच्याने पाठवलं असलं तरी.