बिलात नवा, गाडीत जुना

जुन्या स्पोर्ट्स कारवाल्याला लुटायला इंजिनाला हात लावावा लागत नाही. एक ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी कडी), एक रबरी बूट (दांड्याच्या बुडाला चढवलेलं घडीचं आवरण), एक छोटा सिलिंडर एवढ्यावर भागतं. या वस्तू अशा अडचणीच्या जागी बसवलेल्या असतात की मालक तिथे वाकून बघणार नाही, याची गॅरेजवाल्याला खात्री असते. बिलावर ‘बदलला’ असं छापलं की बदलला. मला कॅलिफोर्नियात सनीव्हेलच्या बाजूच्या एका गॅरेजने याच रीतीने १,९६० डॉलरची टोपी घातली. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही. पद्धत मात्र बारकाव्यांसकट सांगतो, कारण माणूस बदलला तरी ती बदलत नाही.

गाडी १९९४ ची माझदा मियाटा, दोन माणसांची, उघड्या टपाची. हे मॉडेल १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं आणि पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली. माझ्या गाडीत १.८ लिटरचं, १२८ अश्वशक्तीचं इंजिन आहे. आकडा आजच्या मानाने किरकोळ, पण गाडी हलकी असल्यामुळे चालवताना मजा येते. इंजिन म्हणाल तर नीट तेल-पाणी मिळालं तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. कुरकुरतं ते रबर. तीस वर्षांत रबराचा दगड होतो, प्लॅस्टिकचा भुगा होतो, आणि गाडी एकदम बंद न पडता चारी बाजूंनी बारीक बारीक तक्रारी सुरू करते.

माझ्याही तक्रारी अशाच होत्या. सकाळी पहिल्यांदा क्लच दाबला की पेडल थेट तळाला जायचं, दोन-चारदा पंप केलं की वर यायचं. गिअरच्या दांड्याच्या बुडातून गरम हवा आणि गिअरबॉक्सचा आवाज आत यायचा. आणि गाडी उभी असेल तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेलाचे थेंब पडायचे. त्यात स्मॉग चेकची, म्हणजे गाडीच्या धुराच्या चाचणीची, तारीख जवळ आली होती. इथे १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना ती चाचणी चुकत नाही, आणि ती झाल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. कामाच्या गडबडीत मी गाडी गॅरेजला दिली.

गॅरेज चकाचक. कॉफी, वायफाय, आणि टॅबलेटवर फोटो दाखवणारा गोडबोल्या सर्व्हिस अॅडव्हायझर. त्याने माझ्याच गाडीचा खालून काढलेला फोटो दाखवला. बेल हाउसिंगवरून, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचावरून, तेल ओघळलेलं स्पष्ट दिसत होतं. “रिअर मेन सील गेलंय,” तो म्हणाला. “सील स्वस्त आहे हो, पण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सात तासांची मजुरी.”

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, जिथे मागच्या बाजूने बाहेर येतो तिथे हे रिअर मेन सील असतं. ते गळलं तर तेल बेल हाउसिंगमधून ठिबकतं, हे खरंच आहे. पण या गाडीत त्याच रेषेत, बराच वर, सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या मानेभोवती एक ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असते. नवी असताना ती गोल आणि मऊ असते. जुनी झाली की कडक, चपटी, चौकोनी होते आणि तेल अडवायचं सोडून देते. मग तेल हेडच्या पाठीवरून ओघळत खाली बेल हाउसिंगवर येतं आणि तिथून जमिनीवर. खालून बघणाऱ्याला वाटतं, मेन सील गेलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! मियाटा हाताळणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला हे पाठ असतं. म्हणून तो आधी आरसा आणि टॉर्च घेऊन वरून बघतो. ओ-रिंग काही डॉलरची. सेन्सर एका बोल्टवर धरलेला असतो. तो फिरला तर इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बदलतं, म्हणून काढण्याआधी जागेची खूण करायची, एवढीच काळजी. बोटं आत शिरायला जागा कमी, म्हणून मनगटं खरचटतात. पण काम तासाभराचं.

त्या सात तासांच्या जोडीला क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) आणि गिअरच्या दांड्याचे रबरी बूट अशी यादी ठरली. नवी क्लच प्लेटही घ्या, असा आग्रह झाला. मी नको म्हटलं. तो चटकन गप्प बसला, तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. आता कारण कळतं. गिअरबॉक्स खरंच उतरवणारा मेकॅनिक क्लच प्लेट समोर दिसत असताना तिचा फोटो पाठवतो, किती झिजली आहे ते दाखवतो. एवढं उघडलंच आहे तर बदलून टाका, नाहीतर हीच मजुरी पुन्हा भराल, असं चार वेळा बजावतो. माझ्याकडे टॅबलेटवरचे ‘आधी’चे फोटो भरपूर आले. काम चालू असतानाचा एकही नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा सगळं ठणठणीत. थेंब बंद, पेडल घट्ट, खालची बाजू धुऊन लखलखीत. स्मॉग चेकही सुटला. बिलात मजुरीचे १,२९५ डॉलर, तपासणीचे १९०, उरलेलं सील, स्लेव्ह, बूट आणि कर. प्रत्येक पार्टपुढे ‘नवीन’.

पुढे उन्हाळा आला तशी गिअरच्या दांड्यातून गरम हवा पुन्हा येऊ लागली. मग क्लचचं पेडलही खाली जायला लागलं. आमच्या ओळखीत फ्रीमाँटला एक काका आहेत, कोल्हापूरचे. तरुणपण उद्यमनगरात लेथवर गेलेलं, आता निवृत्त आहेत आणि नातवाच्या सायकलपासून शेजाऱ्याच्या ट्रकपर्यंत काहीही उघडून बसतात. मी गाडी त्यांच्याकडे नेली. त्यांनी गिअरची मूठ फिरवून काढली, कन्सोलचे स्क्रू सोडले, वरचं आवरण बाजूला केलं आणि हात थांबवला.

“ह्यो बूट नवा घातलाय म्हणतोस?”

रबर एका बाजूने घडीवर पूर्ण चिरलं होतं. त्या चिरेतून खालचा रस्ता दिसत होता. उरलेल्या घड्यांमध्ये धूळ आणि तेल मिळून झालेला काळा थर, बोट फिरवलं तर नखात भरणारा. काही महिन्यांत असा थर बसत नाही.

काकांनी पुढचा प्रश्न विचारला नाही, थेट जॅक आणि स्टँड आणले. गाडी वर घेतली आणि दोघं खाली शिरलो. मियाटाला गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब तुळई असते. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. ती सोडवल्याशिवाय गिअरबॉक्स खाली येऊच शकत नाही. बेल हाउसिंगचा दिसणारा भाग धुतलेला होता, पण या तुळईच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांचा चिखल तसाच बसलेला. बोल्टचं डोकं आणि तुळई यांच्या फटीत तो अखंड होता. पाना लागला असता तर तो तुटला असता. काकांनी टॉर्च फिरवला आणि म्हणाले, “आरं, गिअरबॉक्स उतरलाच न्हाई. ह्या बोल्टाला कुणी हात बी लावला न्हाई.” शिवाय गिअरबॉक्स काढायचा तर आधी गाडीच्या आतून गिअरचा दांडा उपसावा लागतो. म्हणजे तो फाटका बूट हातात धरल्याशिवाय ते काम होतच नाही.

स्लेव्ह सिलिंडरचा किस्सा तर गमतीचा आहे. तो दोन बोल्टांवर गिअरबॉक्सच्या कडेला असतो. आमच्या गाडीतला काळा कुळकुळीत, नव्यासारखा दिसत होता. जवळून बघितलं तर काळा स्प्रे मारलेला. रबरी टोपीवरही रंग, हवा काढायच्या ब्लीडर निपलवरही रंग, शेजारच्या पाइपावर शिंतोडे. टोपी उचलली तर आत ब्रेक फ्लुइडचा ओलावा. आतला रबरी कप गेल्याची ही पक्की खूण. गॅरेजवाल्यांनी फ्लुइड भरून हवा काढली होती, बस. तेवढ्यावर पेडल काही आठवडे, कधी काही महिने घट्ट राहतं. गाडी गेटाबाहेर पडायला तेवढं पुरतं.

मग गळती थांबली कशी? काकांनी बॉनेट उघडलं, आरसा मागे घातला. कॅम अँगल सेन्सरभोवती नवी, चकचकीत ओ-रिंग डोकावत होती. संपूर्ण गाडीत त्या गॅरेजने खरोखर बदललेली हीच एक वस्तू, आणि नेमकी हीच बिलात नव्हती. दुखणं कुठे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चुकून झालं असेल, असं मनाला समजवायला जी जागा उरली होती ती तिथे संपली.

आम्ही काहीही न बदलता सगळ्याचे फोटो काढले. फाटका बूट, चिखलाचे बोल्ट, रंगवलेली टोपी, ओडोमीटर, आणि प्रत्येक फोटोत शेजारी बिल. हे फार कामाला आलं. कुणावर असा प्रसंग आला तर आधी दुरुस्त करू आणि मग भांडू, असं करू नका. दुरुस्त झालं की पुरावा गेला.

गॅरेजच्या मॅनेजरला फोटो दाखवले तर चोराच्या उलट्या बोंबा. दुसऱ्या कुणी गाडी उघडली आहे, आता आमची जबाबदारी नाही. मग बूट निकृष्ट निघाला असेल. मग, पुढचं ऑइल चेंज फुकट करून देतो. बदललेले जुने पार्ट कुठे आहेत विचारलं, तर म्हणे कचऱ्यात गेले.

याच प्रश्नावर कॅलिफोर्नियाचा कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे आणि आपल्या बहुतेक मंडळींना ते माहीत नसतं. काम सुरू करण्याआधी गॅरेजने लेखी अंदाज द्यायचा. त्याच्या वर खर्च जात असेल तर तुमची परवानगी घ्यायची. पार्ट वापरलेला किंवा दुरुस्त केलेला असेल तर बिलावर तसं लिहायचं. आणि वर्क ऑर्डर, म्हणजे कामाचा सही करायचा फॉर्म, देतानाच तुम्ही मागणी केली असेल तर काढलेले जुने पार्ट तुम्हाला परत द्यायचे. कंपनीला किंवा वितरकाला परत पाठवायचे असतील तर निदान दाखवायचे. खोच त्या ‘देतानाच’ शब्दात आहे. गाडी घ्यायला गेल्यावर मागितलं तर वरातीमागून घोडं. माझ्या वर्क ऑर्डरवर ती मागणी नव्हती, कारण फॉर्मवर कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. आता मी सहीच्या वर हाताने लिहितो, ‘सर्व जुने पार्ट परत हवेत’. हे लिहिताना काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बघावा. सरळ माणूस “बरं, डबा ठेवतो” म्हणतो. पार्ट तेलकट असतात, फेकून द्यावे लागतात, कशाला घेता, असं समजवायला कुणी लागला तर चावी उचलून बाहेर पडावं.

मी राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे ऑनलाइन तक्रार केली. त्याला पैसे पडत नाहीत. गॅरेज परवानाधारक असल्यामुळे या ब्युरोचा त्यांना धाक असतो, पण पैसे परत करायचा हुकूम ब्युरो देऊ शकत नाही. त्यांचा माणूस मध्यस्थी करतो, कागद मागवतो. माझ्या बाबतीत त्याने गॅरेजला सीलच्या आणि स्लेव्हच्या खरेदीच्या पावत्या दाखवा म्हटलं. खरेदीच झाली नव्हती तर पावत्या कुठून येणार? पर्याय म्हणून स्मॉल क्लेम्स कोर्टही होतं. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो.

पार्ट मिळत नव्हता म्हणून जुनाच बसवला, अशीही एक सबब मध्येच आली. मियाटाच्या बाबतीत ती टिकत नाही. या गाडीच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांवर गाड्या बनल्या आहेत, आणि पहिल्या पिढीसाठी माझदाने स्वतः २०१७ मध्ये जपानमध्ये पुनरुज्जीवनाची योजना सुरू करून बंद झालेले कितीतरी पार्ट पुन्हा बनवले. सील, बूट, स्लेव्ह या तर रोजच्या विक्रीच्या वस्तू. ‘दुर्मिळ’ शब्द ऐकला की पार्ट नंबर लिहून मागायचा आणि तिथल्या तिथे डीलरला फोन लावायचा.

पुण्यात माझा मावसभाऊ जुनी गाडी बाळगून आहे. हे ऐकून तो म्हणाला, आमच्याकडे तर नवा खोका दाखवतात आणि गाडीत जुनाच ठेवतात, खोका पुढच्या गिऱ्हाइकाला. त्याने आता गॅरेजमध्ये बसवण्याआधी नव्या पार्टवर खिळ्याने बारीक ओरखडा काढायला सुरुवात केली आहे. तिकडे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पण हातात पक्कं बिल हवं. जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर काम केलं असेल तर भांडायचं कशाच्या जोरावर?

शेवटी त्या गॅरेजने १,७७० डॉलरचा चेक पाठवला. सोबतच्या पत्रात चूक कबूल केलेली नाही, ‘ग्राहकाच्या समाधानासाठी’ असं लिहिलं आहे. तपासणीचे १९० डॉलर त्यांनी ठेवून घेतले. ब्युरोचा माणूस म्हणाला, त्यासाठी आणखी ताणायचं का ते तुम्ही ठरवा. मी नको म्हटलं. गळती कुठून होते ते त्यांनी बरोबर शोधलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं.