इंजिन स्टँड घ्यायचा तर कुठला? तीन चाकी, चार चाकी, गिअरवाला की उद्यमनगरातून बनवून

माझ्या आतेभावाने इचलकरंजीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मारुती ८०० खोलली, आणि ती झाली की आमच्या काकांची पडून असलेली महिंद्राची एमएम ५४० जीप पण करायची असं ठरवलं, आणि मग फोन, "दादा, स्टँड ९०० किलोवालाच घेऊया की, एकदाच काय ते." त्याला तासभर जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय, कारण हा प्रश्न घरी गाडी खोलणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो आणि प्रत्येकाची नजर आधी किलोच्या आकड्यावरच जाते. इंजिन स्टँड म्हणजे चाकं लावलेला पाया, त्यावर उभा खांब, खांबाच्या डोक्याला फिरणारी प्लेट, आणि प्लेटवरच्या सरकत्या आर्मना बोल्टने धरलेलं इंजिन.

आधी स्टँड लागतोय का ते बघा. हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालची सील) बदलायचं असेल तर बऱ्याच गाड्यांत इंजिन खाली उतरवायचीच गरज नाही. ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सुटं केलेलं, दोन माणसं उचलून बाजूला ठेवतात, आणि आपले मिस्त्री ते वर्षानुवर्षं जुन्या टायरवर बसवून काम करत आलेत. टायर वाईट नाही, इंजिन घसरत नाही, खालच्या ऑइलच्या टाकीला फार मार लागत नाही, फुकट आहे. पण क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बाहेर काढून बेअरिंग, रिंग, पिस्टन असं पूर्ण काम करायचं तर इंजिन पंचवीस वेळा उलटसुलट करावं लागतं, आणि दर वेळी दुसरा माणूस हाक मारून बोलवायचा, कंबर धरायची, वर घासून साफ केलेला भाग परत खाली धुळीत जायचा. स्टँडचे पैसे या उलटसुलट करण्याचे आहेत, नुसतं धरून ठेवायला टेबल पण चालतं.

आता किलोचं. स्टँड किती वजन पेलतो त्याचे ४५०, ५६०, ९०० असे विचित्र आकडे दिसतात ते पाऊंडातून आलेत, १००० पाऊंड म्हणजे ४५४ किलो, १२५० म्हणजे ५६७, २००० म्हणजे ९०७. आपल्याकडच्या घरगुती गाड्यांचं कुठलंच इंजिन कागदावर यातल्या सगळ्यात छोट्या आकड्याच्या जवळपास पण जात नाही, जीपचं डिझेल समजा २०० किलो धरलं तरी ४५० च्या निम्म्यात बसतं. म्हणजे आकडा बघून निवडायचं तर सगळ्यात स्वस्त तीन चाकीच घ्यायला पाहिजे, आणि नेमकं तिथंच लोक फसतात. कारण तो आकडा लोखंड वाकणार नाही एवढंच सांगतो. स्टँड कलंडणार नाही असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

तीन चाकीचा पाया म्हणजे इंग्रजी टी. मागे दोन चाकं लांब लांब, पुढे एका पट्टीच्या टोकाला एकच. तीन टोकं जोडली तर त्रिकोण होतो आणि तो पुढे निमुळता होत जातो. इंजिन मात्र मागच्या खांबाला नाही, खांबापासून पुढे लोंबतं, म्हणजे वजन येतं ते नेमकं त्रिकोण अरुंद होतो तिथंच. समजा पाया ८० सेंमी लांब, मागे ७५ सेंमी रुंद, आणि इंजिनाचं वजन अर्ध्या लांबीवर आलं तर कडेपर्यंत जेमतेम १७-१८ सेंमी उरतात. चारही कोपऱ्यांत चाक असलेल्या एच आकाराच्या पायात त्याच मापात ३७ उरतात. सरळ दुपटीचा फरक.

आणि इथं एक उलटा हिशोब आहे जो मला पण स्वतः करून बघेपर्यंत पटला नव्हता. लोक म्हणतात ८०० चं इंजिन हलकं, त्याला तीन चाकी चालेल. घट्ट बसलेला बोल्ट सोडवायला तुम्ही पाना आडवा ओढता, धरा २० किलोची ओढ ८० सेंमी उंचीवर, किलो गुणिले मीटर केलं तर कलंडवणारा जोर झाला १६. समोर स्टँडला खाली धरून ठेवणारं काय, तर ७० किलोचं इंजिन आणि २० किलोचा स्टँड, ९० गुणिले साडेसतरा सेंमी, म्हणजे पावणेसोळा. बरोबरीच झाली! एक झटका मारला की मागचं चाक उचललं. जीपचं जड इंजिन त्याच ओढीला ढिम्म हलत नाही, म्हणजे हलक्या इंजिनाला रुंद पाया जास्त लागतो. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

जड इंजिन मारतं ते ढकलताना. माझ्याकडं पूर्वी एक सेकंडहँड तीन चाकी होता, पडवीत शहाबादी फरशी, दोन फरशांच्या सांध्यात पुढचं लोखंडी बारकं चाक अडकलं, मी मागनं ढकलतच होतो, आणि सगळं हळूहळू एका अंगाला निघालं. नशिबाने भिंत होती. खांदा टेकवून पाच मिनिटं उभा राहिलो, बायको शेजारच्या मामांना बोलवून आणेपर्यंत. तेव्हापासून तीन चाकी कुणालाच घ्या म्हणून सांगत नाही, गुळगुळीत कोब्याची जमीन असली आणि स्टँड जागचा हलवायचाच नसला तरी नाही, कारण माणूस हलवतोच.

मग चार चाकी. इथं पण डोळे झाकून घेऊ नका, कारण काही चार चाकीत पुढची दोन चाकं वीत-दीड वीत अंतरावर असतात, नावाला चार, वागायला तीन. फोटो वरनं बघितलेला असला तर कळतं, समोरनं काढलेल्या फोटोत कळत नाही. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर किती हे विकणाऱ्याला सरळ विचारायचं, आणि ते सांगत नसेल तर पुढे जायचं. चाकं लोखंडी नकोत, चार इंचाच्या आसपासची पॉलियुरेथेनची (टणक रबरासारखी) असली आणि निदान दोघांना ब्रेक असला तर फरशीच्या सांध्याचा त्रास बराच कमी होतो. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर कुठलंच चाक नीट चालत नाही, तिथं खाली १८ एमएमचा प्लाय टाका आणि त्याच्यावरच काम करा.

९०० किलोवाला गिअरचा असतो बहुतेक, आणि भाऊ ज्याच्यावर भाळला होता तो हाच. साध्या स्टँडमध्ये पाईपात पाईप, पिन काढायची, दांडा घालून इंजिन फिरवायचं, पुढच्या भोकात पिन घालायची. इंजिनाचं वजन फिरणाऱ्या पाईपच्या बरोबर मध्यावर आलं असेल तर एका हाताने फिरतं, नाहीतर पिन काढल्या काढल्या जड बाजू धाडकन खाली येते आणि हातातला दांडा हनुवटीला. त्यामुळं आर्म लावताना पंधरा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, पण वजन मध्यावर आणा. गिअरच्या डोक्यात वर्म (स्क्रूसारखा गिअर) असतो, हँडल सोडलं तरी इंजिन जिथल्या तिथं थांबतं, कुठल्याही कोनात. हे सुख खरंच आहे, एकट्याने काम करणाऱ्याला तर फार. पण स्टँड स्वतःच जड, वाहतुकीला महाग, आणि त्याची मोठी प्लेट आणि लांब आर्म ८०० सारख्या बारक्या इंजिनाच्या जवळजवळच्या भोकांवर आणताना एकमेकांना आडवे येतात. घडी होते का बघा, घडी होत असली तर काम संपल्यावर भिंतीला उभा राहतो, नाहीतर वर्षभर येता जाता घोट्याला लागतो.

आता बनवून घेणं. कोल्हापुरात राहून शिवाजी उद्यमनगराचं, म्हणजे तिथल्या छोट्या कारखान्यांच्या वसाहतीचं, नाव न घेता कसं चालेल, तिथं लेथवाला, वेल्डर, प्लेट कापणारा सगळे एका हाकेवर. ६० बाय ६० ची ४ एमएम जाडीची चौकोनी पाईप मीटरला साधारण सात किलो भरते, पाच मीटर लागते, म्हणजे ३५ किलो, वर डोक्याला १२ एमएमची आठ इंची चौकोनी प्लेट, तिचे जवळपास चार किलो. मला लोखंड, चाकं, लेथ, वेल्डिंग धरून साडेसहा हजारांच्या आत पडला, पण त्यात दोन चुका झाल्या त्या तुम्ही करू नका. एक म्हणजे फिरणाऱ्या भागाला दीड इंची पाईप दोन इंची सी क्लास (जाड भिंतीच्या) पाईपात सरळ घातली. इंच नुसते नावाचे, आतल्या पाईपचं बाहेरचं माप ४८.३ एमएम, बाहेरच्या पाईपचं आतलं माप ५१ च्या वर, तीन एमएमची फट, इंजिन टांगलं की डोकं खुळखुळतं आणि खाली बघायला लागतं. मग परत लेथवर बुश (फट भरणारी कडी) करून बसवावा लागला. दुसरी, मिस्त्रीनं गुण्या लावून फिरणारा पाईप खांबाला अगदी काटकोनात जोडला. तयार स्टँडमध्ये तो मुद्दाम दोन-तीन अंश वर उचललेला असतो, वजन आल्यावर सरळ दिसावा म्हणून. मिस्त्रीचा दोष नाही, मीच सांगितलं नव्हतं.

वेल्डिंग मात्र माहितीच्या माणसाकडूनच, आणि खांब जिथं पायाला बसतो तिथं दोन्ही बाजूंनी तिरकी पट्टी घालायलाच लावा. सगळा पीळ तिथं येतो. जुना वापरलेला स्टँड बघायला गेलात तर पण आधी याच सांध्यावरचा रंग नखाने खरवडून बघायचा, नवा रंग मारलाय आणि बाकी सगळं गंजलंय असं असेल तर चहा पिऊन परत यायचं.

बोल्टबद्दल लोक फार घाबरतात, म्हणजे भलत्याच गोष्टीला घाबरतात. २०० किलोचं इंजिन प्लेटपासून ४० सेंमी पुढे लोंबलं तर किलो गुणिले मीटर ८०, वरच्या खालच्या बोल्टात २५ सेंमी अंतर असेल तर वरच्या दोघांवर मिळून ३२० किलोची ओढ, एकावर १६०. ८.८ ग्रेडचा (कडक पोलादाचा) एम१०, म्हणजे १० एमएम व्यासाचा बोल्ट तीन टनाच्या वर सहन करतो, तो काय तुटत नाही. तुटतात ते ब्लॉकमधले आटे, कारण गाडीचा मूळ बोल्ट आर्मच्या जाडीमुळं आखूड पडतो आणि तीनच आटे धरून राहतो. लांब बोल्ट आणा, बीडाच्या ब्लॉकमध्ये व्यासाच्या दीडपट म्हणजे एम१० ला १५ एमएम आत गेला पाहिजे, ॲल्युमिनियममध्ये २०. आणि नमुन्याचा बोल्ट खिशात घेऊनच दुकानात जा, जपानी गाड्यांत एम१० चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बहुतेक १.२५ एमएम असतो आणि हार्डवेअरवाला न विचारता १.५ चा देतो, तो दोन आटे प्रेमाने जातो, मग अडतो, मग आपण जोर लावतो आणि ब्लॉकची वाट लागते.

भावाने शेवटी कोपऱ्यात चाकं असलेला, घडीचा, ५६० किलोचा साधा चार चाकी घेतला, गिअर नाही. ८०० ला आर्म नीट बसले, जीपला पण पुरतोय. नुसती ८०० च असती तर मी त्याला उद्यमनगरात पाठवला असता, आणि त्याला वर्षाला तीन-चार इंजिनं करायची असती तर गिअरवाला घे म्हटलं असतं. तीन चाकीचा त्याने दोनदा भाव काढला होता, निम्म्यात मिळत होता म्हणे.

एक गोष्ट मात्र मी सांगायची विसरलो आणि त्याला भुर्दंड पडला. इंजिन स्टँडला मागच्या बाजूने, जिथं गिअरबॉक्स बसतो तिथं धरलेलं असतं, त्यामुळं फ्लायव्हील (क्रँकच्या मागचं जड चाक), क्लच आणि मागचं ऑइल सील स्टँडवर असताना बसतच नाही. ते इंजिन क्रेनला किंवा चेन कप्पीला टांगून, स्टँडवरनं सोडवून, लोंबत असतानाच बसवायचं. याने भाड्याची क्रेन इंजिन स्टँडवर चढवलं त्याच दिवशी परत केली होती. तीन आठवड्यांनी परत आणली, परत दिवसाचं भाडं, परत टेम्पो, आणि टेम्पोवाला म्हणाला, "काय दादा, मागच्या वेळी विसरला होता काय काहीतरी?"