करंजा ते थळ शिडाच्या बोटीने: बोट झकास, टाइमटेबल भंगार

आधीच सांगते, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण रिफंडचं बोलणं अजून चालू आहे. ट्रिप वाईट झाली असंही नाही. पॅकेज असं होतं, दोन दिवस एक रात्र, मांडवा-थळ-अलिबाग-रेवदंडा अशी चार गावं, सगळं शिडावर, माणशी साडेसात हजार, जेवण धरून. आम्ही चौघं होतो, मी, नवरा, नणंद आणि तिचे मिस्टर, सगळे नेरूळ-सीवूड्सचेच. चारपैकी पाय लागले ते एकाच गावाला.

घोळ पहिल्याच मेसेजमध्ये होता. कोजागिरीनंतरचा शनिवार, सकाळी 9 ला उरणजवळची करंजा जेट्टी, शार्प. आईला सांगितलं तर तिने कालनिर्णय काढलं आणि म्हणाली, अगं पंचमी आहे, साडेनऊला पूर्ण सुकती असेल, बोट काय चिखलात लावणार का. आई मूळची उरणची, तिच्याकडचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते, मिनिटाला मिनिट नाही पण साधारण बरोबर. पाचाची पाऊणपट पावणेचार, तेव्हा भरती, त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी ओहोटी. मी म्हटलं आई, ते रोज बोटी चालवतात, त्यांना कळत असेल ना.

नव्हतं कळत. निदान ऑफिसमध्ये बसून वेळ टाकणाऱ्याला तरी नव्हतंच. सकाळची उरण लोकल पकडली (ही लाइन जानेवारी 2024 ला उरणपर्यंत गेली तेव्हापासून आमच्याकडून हा भाग फार सोपा झालाय), पुढे रिक्षा, नऊला दहा कमी असताना जेट्टीवर. समोर नुसता चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, बगळे, आणि आमची बोट लांब पाण्यात नांगर टाकून उभी. शिडाच्या बोटीला खाली कील असतं, जड पातं, वाऱ्याने ती आडवी होऊ नये म्हणून, त्यामुळे तिला साध्या होडीपेक्षा पाणी जास्त लागतं. बोटीवरचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, काका तिथलेच, ते जेट्टीवर येऊन बसले होते. म्हणाले, "पानी भरल्याबिगर होरी लागाची नाय, ताय." ऑफिसला फोन केला तर पोरगी म्हणते मॅम नेचर आहे ना, आपल्या हातात नसतं. हे नेचर आमच्या भिंतीवर वर्षभर आधी छापून आलेलं असतं बाई. साडेबारा वाजले निघायला, तोवर तीन चहा, दोन वडापाव आणि नणंदेच्या मिस्टरांची चिडचिड.

पण पुढचे चार तास, त्याचे पैसे मी परत मागणार नाही.

धरमतर खाडीच्या तोंडाशी येईपर्यंत इंजिन चालू होतं, हवा अशी पडलेली की घामाने शर्ट चिकटला, ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबरच. मग दीड-पावणेदोनला काकांनी मान वर केली, डोलकाठीच्या टोकाचं फडकं वायव्येकडून हलायला लागलं होतं. शाळेत पाठ केलं होतं ना, जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे आणि रात्री जमीन निवली की उलटे मतलई वारे, ते तिथे अंगावर येतं. शीड वर चढवलं, आधी जोरात फडफडलं, मग काकांनी दोर ओढून धरला आणि शिडाने एकदम पोट भरलं. इंजिन बंद. बोट एका अंगाला कलली, नणंद ओरडली, आणि नंतर नुसता पाण्याचा सळसळ आवाज. कोणीच बोलेना. मागे न्हावा शेवाची कंटेनरची जहाजं, उजवीकडे धुरकट मुंबई, डावीकडे मांडव्याची जेट्टी सरकत गेली. तिथे उतरायचं होतं पण मी स्वतःच म्हटलं नको, थांबू नका.

काकांनी नवऱ्याला सुकाणू दिलं, त्याने ते गाडीच्या स्टीअरिंगसारखं मिनिटामिनिटाला हलवायला सुरुवात केली, काका म्हणाले हात सैल सोडा साहेब, बोट सांगेल. दहा मिनिटात त्याला जमलं. घरी आल्यापासून हे दहा मिनिटांचं शिक्षण सगळ्या सोसायटीला ऐकवून झालंय.

अलिबाग, रेवदंडा कॅन्सल, अंधाराच्या आत थळला नांगर टाकला. जेवण किनाऱ्यावर एका घरी, तांदळाची भाकरी, बोंबील फ्राय, सोलकढी, तक्रारीला जागाच नाही. झोपायला परत बोटीवर, आणि इथे मात्र ऐका. चौघात एकच टॉयलेट, हातपंप मारून फ्लश करायचा, तो रात्री अकराला अडकला. चारपैकी एका लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, ते सुतळीने बांधलं होतं, सुतळीने! बाकी सगळं हसण्यावारी नेलं, हे नाही नेणार.

सकाळी खांदेरी, थळसमोरच्या बेटावरचा किल्ला. हा बोनस काकांचा, पॅकेजमध्ये नव्हताच. 1867 चं दीपगृह, वेताळाचं देऊळ, आणि तो दगड, छोट्या दगडाने ठोकला की पितळेच्या भांड्यासारखा टण्ण वाजतो, मी सात-आठ वेळा वाजवला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत महाराजांचे बारा किल्ले आले त्यातला हा एक. 1679 ला महाराजांनी बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं अडवायला उभी होती आणि आपल्या छोट्या होड्या किनाऱ्यावरून रात्री सामान नेऊन पोचवायच्या, त्यांच्या हाती लागायच्या नाहीत. आदल्या दिवशी कील आणि चिखल बघितल्यामुळे मला हे पहिल्यांदा नीट कळलं. कमी पाण्यात चालणारी होडी हीच तिथे मोठी ताकद.

परतीला मात्र पूर्ण वेळ इंजिन. काका म्हणत होते पहाटे साडेपाचला निघू, मतलई वारा असतो, तो पूर्वेकडून येतो, उत्तरेला जायला आडवा मस्त मिळतो. पण ऑफिसच्या शेड्यूलमध्ये नाश्ता साडेआठला आणि 'मॉर्निंग अ‍ॅट लेझर' असं छापलेलं. निघालो अकराला, वारा गुल. दुपारी आला तो नाकासमोरून. डिझेलचा वास डोक्यात गेला, नणंदेला दोनदा उलटी.

तर पाचपैकी स्टार द्यायचे तर काकांना पाच, बोटीला चार, ऑफिसला एक, तोही फोन उचलतात म्हणून. जायचं असेल तर नक्की जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरच चांगला, फक्त बुकिंगच्या आधी निघायची वेळ भरतीशी ताडून बघा, परतीला पहाटे निघायचं त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि जॅकेट हातात घेऊन बक्कल लावून बघा.

काल त्यांचा मेसेज आला, रिफंड नाही पण पुढच्या ट्रिपला वीस टक्के ऑफ देतो, सोयीची तारीख कळवा. मी लिहिलं, आईला विचारून सांगते.