फ्लेमप्रूफ पेट्यांच्या खोट्या प्रमाणपत्रांपासून सावध राहा

रायगड जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यात विद्युत देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. हायड्रोजनेशनचा, म्हणजे रसायनांची हायड्रोजनशी अभिक्रिया घडवण्याचा नवा विभाग उभा करताना आम्ही फ्लेमप्रूफ (आतला स्फोट बाहेर पसरू न देणाऱ्या) पेट्यांची, म्हणजे पुश-बटन स्टेशन (यंत्र चालू-बंद करण्याच्या बटणांची पेटी) आणि जंक्शन बॉक्स (तारा जोडण्याची पेटी) यांची ऑर्डर काढली आणि हायड्रोजन हा टू-सी, म्हणजे सर्वात सहज पेटणाऱ्या वायूंच्या गटातला असल्यामुळे त्या ऑर्डरमध्येच 'झोन १ (जिथे नेहमीच्या कामातही अधूनमधून ज्वलनशील वायू हवेत असू शकतो), गट टू-सी' असे स्पष्ट नमूद केले. एका व्यापाऱ्याने इतरांपेक्षा बराच कमी दर दिला, सोबत चाचणी प्रमाणपत्राची व पेसोच्या (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मंजुरीची प्रत जोडली आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतली.

फ्लेमप्रूफ पेटीत वायू शिरतच नाही, असा समज सर्रास आढळतो. वायू आत शिरतो, ठिणगीने पेटतोही. मात्र पेटी तो स्फोट सोसते आणि झाकणाच्या सांध्यातील अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत ज्वाला इतकी निवते, की बाहेरचा वायू पेट घेत नाही. ही फट किती अरुंद हवी, हे वायूवर अवलंबून असते. प्रमाणित चाचणीत प्रोपेनसाठी ती मर्यादा ०.९२ मिलीमीटर, इथिलीनसाठी ०.६५, तर हायड्रोजनसाठी अवघी ०.२९ मिलीमीटर येते आणि प्रत्यक्ष पेटीत त्याहून कमीच फट ठेवावी लागते. त्यामुळे टू-बी गटाची, म्हणजे इथिलीनसारख्या वायूंसाठीची पेटी हायड्रोजनच्या विभागात बसवणे हा कामगारांच्या जिवाशी खेळ आहे.

आलेल्या मालाच्या पाट्यांवर 'टू-सी' असेच कोरलेले होते. परंतु एका पुश-बटन स्टेशनची पाटी किंचित तिरकी दिसली म्हणून ती काढली, तेव्हा तिच्याखाली जुन्या रिव्हेटची दोन भोके पुट्टीने बुजवून वर रंग मारलेला आढळला. झाकणाचा सांधा सपाट होता आणि त्यात फीलर गेजची (फट मोजण्याच्या साधनाची) ०.१५ मिलीमीटरची पाती सहज सरकली. टू-सी गटाच्या सपाट सांध्याला एवढी फट चालत नाही.

प्रमाणपत्राचे आम्हाला केवळ पहिले पान मिळाले होते. मॉडेल, नकाशांचे क्रमांक आणि अटी ज्या परिशिष्टात असतात, ते मागितल्यावर "साहेब, पहिलं पान सगळीकडे चालतं," एवढेच उत्तर आले. म्हणून आम्ही थेट प्रयोगशाळेला पत्र लिहिले. क्रमांक खरा निघाला, पण तो दुसऱ्याच उत्पादकाच्या टू-बी पेटीचा होता. जंक्शन बॉक्सचे एटेक्स (स्फोटक वातावरणातील उपकरणांसाठीच्या युरोपीय नियमांनुसारचे) प्रमाणपत्रही खरे होते. मात्र त्याच्या क्रमांकाच्या शेवटी 'यू' हे अक्षर होते, म्हणजे ते निव्वळ रिकाम्या पेटीपुरते होते. आत टर्मिनल बसवल्यावर संपूर्ण उपकरणाचे प्रमाणपत्र वेगळे लागते. शेवटी 'एक्स' असेल, तर वापराच्या खास अटी परिशिष्टात असतात आणि त्या वाचल्याखेरीज पेटी बसवूच नये.

आगाऊ रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. माल सील करून ठेवला आहे, पोलिसांत तक्रार दिली आहे आणि पेसोच्या नागपूर येथील मुख्यालयालाही कळवले आहे. या व्यापाऱ्याने आसपासच्या इतर कारखान्यांनाही माल पुरवला आहे, याची मला खरी काळजी वाटते. ज्यांच्याकडे अशा पेट्या चालू विभागात बसवलेल्या असतील, त्यांनी तपासणीच्या घाईत झाकण उघडू नये. आधी वीजपुरवठा तोडून त्याला कुलूप लावावे, गॅस डिटेक्टरने हवा तपासावी आणि मगच बोल्टला हात लावावा.